दुसऱ्या तारेचा आकडा

अलार्म वाजला तो ऊन पलंगापर्यंत आल्यावर. डॉक्टर आईला तपासून हात धुताना म्हणाले, "पहाटेच गेल्यात." म्हणजे तोवर अलार्मचा डबा गप्प बसला होता.

डबा मुलीने बनवला होता. ती परगावी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायची. आईनेही निवृत्त होईपर्यंत तेच केलं होतं. मुलगी शिकली ती तिच्याच हाताखाली. डब्यातून दोन तारा निघत. पहिली बाबांच्या मनगटाला, दुसरी आईच्या. नाडी मंदावली की अलार्म. बाबांचं हृदय ठणठणीत होतं, पण "मला एकटीला बांधणार असाल तर राहू दे," असं आईने बजावलं होतं.

अलार्म रात्री वरचेवर वाजे. बाबा उठत, तिला बसवत, औषध देत.

"अहो, असं किती दिवस जागणार?" ती विचारी.

"तू घोरतेस, तशीही झोप कुठे लागते?"

ती गेली त्या सकाळी बाबा मुलीला फोनवर एवढंच बोलले, "तुझ्या डब्याने घात केला."

पाहुणे पांगल्यावर मुलीने डबा जेवणाच्या टेबलावर उघडला. आधी त्यात साठलेले त्या रात्रीचे आकडे पाहिले. दोन्ही नाड्या ठोक्याला ठोका सारख्या.

"दोन माणसांची नाडी अशी जुळते का कधी?"

"आमचं चहातल्या साखरेवरही जुळलं नाही," बाबा म्हणाले.

ती हसली आणि लगेच तिने डोळे पुसले.

बॅटरी ठीक निघाली. दोन्ही जागांवर ठरावीक व्होल्टेज देऊन पाहिलं, दोन्ही आकडे बरोबर आले. मग तिने पहिली तार बाबांच्या मनगटाला बांधली आणि दुसरीची पिन उपसली. आकडा शून्यावर यायला हवा होता. दुसऱ्या रकान्यात बाबांचीच नाडी चालू राहिली.

मुलगी खुर्चीत मागे टेकली.

"आत मोजणारा एकच असतो, बाबा. तो आळीपाळीने एकेक तार बघतो. तार निघालेली असली की आधीच्या तारेचं माप त्याच्यात उरतं, तेच दाखवतो."

"यावर काही उपाय नसतो?"

"असतो. पैशा-दोन पैशांचा रेझिस्टर, उरलेलं माप शून्यावर ओढणारा. आईने मला पहिल्याच आठवड्यात शिकवला होता. घाईत मी लावलाच नाही. आईने डबा उघडून बघितला होता. म्हणाली, चालेल की. मला वाटलं, पास झाले."

बाबांनी उपसलेली पिन टेबलावरून उचलली.

"रात्री पिन सैल झाली असणार. सकाळी पुन्हा टेकली, तेव्हा वाजला. मी मारलं तिला."

"असं बोलू नकोस, पोरी."

"मग कसं बोलू? तुम्हीच म्हणालात ना, डब्याने घात केला?"

बाबांनी मनगटाचा पट्टा सोडायला घेतला. तो सुटेना, तेव्हा तिनेच सोडवून दिला आणि आईच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्या सकाळी पिन आईच्या मुठीत होती, तिची बोटं सोडवून बाबांनीच ती डब्यात बसवली आणि तेव्हा अलार्म वाजला, हे मुलीला सांगायचं अजून राहिलं आहे.