तडकलेलं पातं

भागोजीच्या जुन्या ट्रकाला बसेल असा इंजिनाचा पंखा सहा महिने शोधल्यावर महाडच्या एका भंगारात सापडला. मेकॅनिक हर्षदने पान्याने एकेक पातं वाजवून बघितलं आणि हात मागे घेतला.

"काका, एक पातं तडकलंय. चढावर सुटलं तर बॉनेट फाडून केबिनमध्ये घुसेल. मी नाय बसवणार."

"चालवणार मी एकटाच, तेपण गावातल्या गावात," म्हणत भागोजीने पंखा आपल्या गावी, उमरठला नेला आणि स्वतःच बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शेतावरून आला, तर अंगण रिकामं.

"ट्रक कुठं गेला गो?" त्याने बायकोला विचारलं.



"आपला ओम मुंबईवरनं आलाय ना, तोच वाडीतलं सगळं वऱ्हाड घेऊन घाट चढला," येसूबाई कौतुकाने म्हणाली. "बोलला, बाबांना कशाला त्रास!"