शेवटच्या घाण्याचं पाणी

“कोबा फुटला, बशीरभाई. येऊन बघा.”

बर्फाच्या कारखान्याचे मालक नानासो दारात येऊन एवढंच बोलले आणि आल्या पावली फिरले. बशीर गवंड्याचा घास हातातच राहिला. त्यानं भाकरी टोपलीत परत ठेवली, खुंटीवरची थापी काढली आणि पायात वहाणा सरकवल्या.

“मी बी येते,” त्याची बायको रहिमतबी म्हणाली.

तो उंबरा ओलांडून पुढं झाला. ती मागून चालू लागली. उन्हानं सांगलीचा रस्ता भाजत होता.

या कारखान्याच्या जमिनीचा सिमेंटचा कोबा दोन गवंड्यांनी करून बघितला होता. दोघांचाही पहिल्याच उन्हाळ्यात उखडला. म्हणून बशीरला काम देताना नानासोंनी एक बाटली काठोकाठ पाण्यानं भरली, तिला घट्ट बूच मारलं आणि बर्फाच्या टाकीत बुडवून ठेवली. वर काढली तेव्हा काच उभी चिरलेली होती.

“पाण्याचा बर्फ झाला की ते फुगतंय,” नानासो म्हणाले. “कोब्याच्या अंगात मुरतंय, गोठतंय, इतळतंय, परत गोठतंय. दगूड फोडंल असलं बळ हाय त्याला.”

जन्मभर पाण्यात हात घालून पोट भरलेल्या माणसाला त्या दिवशी पाण्याची भीती वाटली. पण बशीर तोंडाचा पहिल्यापासून सैल. “माझा कोबा फुटला तर ही थापी कायमची खाली ठेवीन,” असं तो गड्यांदेखत बोलून बसला. थापी खाली ठेवायची म्हणजे खायचं काय, हा विचार घरी गेल्यावर आला.

दिवाळी झाली आणि कोबा धरला. काम झकास उतरत होतं. घात झाला तो शेवटच्या घाण्याला, म्हणजे माल कालवायच्या शेवटच्या खेपेला. बशीरच्या घरात एक जुनी रीत होती. चुन्याच्या शेवटच्या घाण्याला घरच्या बाईनं आपल्या घागरीतलं पाणी द्यायचं, आणि त्या पाण्यात रात्रभर रिठे भिजलेले असायचे. माल लोण्यासारखा मऊ होतो, असं रहिमतबीची सासू सांगायची. पण हा चुना नव्हता, सिमेंट होतं. यात साध्या पाण्याशिवाय काही घालायचं नसतं, हे बशीर बायकोला सांगायचंच विसरला. तिनं रीतीप्रमाणे घागर ओतली. गड्यांनी फावडं मारलं आणि धुण्याच्या दगडावर यावा तसा फेस वर आला.

जर्मन-जपानची लढाई संपली होती, पण सिमेंट अजून परमिटावरच मिळत होतं. माल टाकून द्यायची सोय नव्हती. आणि उरलेली जागा तरी कुठली, तर बर्फाची लादी साच्याच्या डब्यातून सुटून दाणकन आदळते, नेमकी तीच. बशीरनं तो फेसाळ माल तिथं थापला आणि सगळा राग बायकोवर काढला. “हितनं पुढं माझ्या कामाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकू नगंस,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. रहिमतबीनं रिकामी घागर कमरेवर घेतली आणि ती निघून गेली. तेव्हापासून ती कामावर आली नव्हती. घरातही कामापुरतंच बोलायची.

आजही ती उंबऱ्याशी थांबली. बशीर एकटा आत गेला.

कोब्याची पार दशा झाली होती. वरचे पापुद्रे सुटले होते आणि खालची खडी दात विचकून वर आली होती. बशीरनं मान खाली घालून थापी पुढं केली. “बोललो हुतो, मालक. ही घ्या.”

“थापीचं मागनं बघू. आदी हे बघा.”

नानासोंनी बोट दाखवलं ते लादी आदळायच्या जागेकडं. अख्खा उन्हाळा सगळ्यात जास्त मार खाल्ला होता तो तिनं. टाकीतलं मिठाचं पाणी, बर्फ, परत पाणी. आणि ती जागा गुळगुळीत होती. एक पापुद्रा नाही, एक चीर नाही.

बशीर गुडघ्यावर बसला. त्या तुकड्याची कड थापीनं जरा खरवडली आणि तो बघतच राहिला. आत बारीक जाळी पडली होती, आंबोळीला पडते तशी. फेस विरून गेला होता, त्याच्या खोल्या तेवढ्या राहिल्या होत्या. पाणी आत शिरलं असेल, गोठून फुगलं असेल, पण फुगायला त्याला जागा होती. मग ते फोडणार कशाला? बाटली चिरणारं ते बळ मूठभर रिठ्यांच्या फेसानं निवलं होतं. बशीरनं त्या जागेवर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

“बाकीचा कोबा असाच करून द्या म्हंजे झालं,” नानासो म्हणाले. “थापी ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. पन हितं काय जादू केलीसा, ते तरी सांगा.”

बशीरनं वळून बघितलं. रहिमतबी डोक्यावर पदर ओढून उन्हात उभी होती. तिच्या पायाची बोटं उंबऱ्याला टेकली होती, पण ती आत आली नव्हती.

“हे काम माझं न्हाई, मालक. तिचं हाय,” बशीर म्हणाला. “तिला आत तुमीच बोलवा. मला त्वांड न्हाई.”