आग्रहाची पंगत

लग्नाच्या पंगतीत प्रत्येकाच्या गळ्यात सरकारी पट्टा होता. समोरच्याला न कळणारी भाषा बोललं की पट्टा झटका देई. नवरदेव तेम्जेन नागालँडचा, त्याला मराठी येत नव्हती. आणि हिंदीतून केलेल्या आग्रहाला नवरीची रत्नमालाआत्या आग्रह मानत नसे.

"जावईबापू, एकच जिलबी," आत्या म्हणाली आणि आडवी झाली. पदर सावरत उठली. "माझी शपथ आहे तुम्हाला." या खेपेला अंबाड्यातून धूर निघाला.

तेम्जेननं घाबरून आपल्या भाषेत नको म्हटलं आणि तो मठ्ठ्यात कोसळला. बाई मरेल या भीतीनं मग त्यानं मुकाट्यानं जिलबी संपवली.

"आवडली वाटतं," एवढं बोलून आत्या गेलीच.

जिलबीची परात सासूबाईंनी उचलली. त्यांच्यामागे माम्यांची रांग लागली होती.