छंद की व्यवसाय?

"छंद आहे हो तिचा," पुष्कर करसल्लागार बाईंना हसत म्हणाला. "घरी बसून चित्रं काढते. धंदा वगैरे काही नाही."

शेजारी बसलेल्या शाल्मलीने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. त्याच्या नोकरीमागे बर्लिनला आल्यापासून ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत होती. दोन प्रकाशक तिला नियमित काम देत. त्या पैशांतून घरचा किराणा यायचा, आणि तरी पाहुण्यांसमोर पुष्कर त्याला टाइमपास म्हणायचा.

बाईंनी तिलाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे? छंद ठरला तर कर नाही. व्यवसाय म्हणालात तर कर आहे, आणि आरोग्य विम्याचा हप्ताही तुम्हालाच भरावा लागेल."

"व्यवसाय," शाल्मली म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं?" पुष्कर मराठीत गुरकावला. "पैसे जास्त झालेत? कुणाला दाखवायचंय एवढं?"

"व्हिसा ऑफिसला. माझ्या धंद्यावर मी कर भरत असले, तर इथं राहायचा परवाना मला माझ्या नावावर मागता येतो. तुझी बायको म्हणून राहायची गरज नाही. मी चौकशी करून आलेय."

पुष्करचा चेहरा उतरला. पण बाईंकडे वळताना तो पुन्हा हसला. "आम्ही घरी बोलून पुढच्या आठवड्यात येतो," असं म्हणत तो उठला आणि त्याने शाल्मलीचा दंड धरला.

तिने हात झटकून सोडवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"तू जा," ती म्हणाली. "मला माझं काम आहे."