चिमणीची चाल

गुडघ्याचं लिगामेंट फाटलं आणि मैदान गाजवणारा माझा नवरा डावा पाय ओढत घरी आला. "आता कसला फुटबॉल!" म्हणत त्याने व्यायामही सोडला. क्लबचे डॉक्टर, प्रशिक्षक, मी, सगळे सांगून थकलो. त्यातच आमची चिमणी चालायला लागली, तीही डावा पाय ओढत! तिघंही तडक मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी तिला नर्सच्या मागे चालायला लावलं, तर स्वारी तुरुतुरु निघाली. बाबाच्या मागे सोडलं, की पुन्हा लंगडी.

"लेकीचा पाय अगदी ठणठणीत आहे हो," बाई हसत म्हणाल्या.


"व्यायाम तेवढा तिच्या बाबांना लिहून देते."