जड कुड्या

शमिकाने रंगवलेलं कमळाआजीचं चित्र व्यक्तिचित्रांच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या फेरीत पोचलं. आज ते दिल्लीला पाठवायचं तर सोबत संमतीपत्रावर आजीची सही हवी होती. आजीने चित्रावरचं कापड बाजूला केलं आणि तिचा हात डाव्या कानाकडे गेला. चाळीस वर्षं पदराआड ठेवलेली कानाची फाटलेली पाळी पोरीने न्हाणीत ओझरती पाहून चित्रात उघडी टाकली होती. "बुजवून टाक ती," सदू लेकीवर खेकसला. "दिल्लीपर्यंत आईची शोभा कशाला?" "कुड्या जड होत्या म्हणून फाटली, त्यात लाज कसली, बाबा?" कुड्यांची ती गोष्ट आजीनेच गावभर मिरवली होती. तिने सही न करता पेन खाली ठेवलं. "चुकलीस गो बाय. वजनाने पाळी अशी, तू काढलीस तशी सरळ फाटते." पदर कानामागे गेला; चीर तिरकी होती. "तुझ्या आजोबांनी कुडी हिसकावली. तिरकी काढ, मग सही करते."