आणखी एक थर

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या बापाने, बसच्या निवृत्त ड्रायव्हरने, तळघरात गाणी-सिनेमाची खोली बांधली. आवाज वर जाऊ नये म्हणून भिंतींना कापसाचा जाड थर दिला. हवेचा पाइप स्वयंपाकघरात निघतो, हे मात्र विसरला.

"अगं, मी खाली ओरडतो, वर ऐकू येतंय का बघ!" स्वयंपाकघरातल्या बायकोला सांगून तो खाली गेला.

पाइपातून खणखणीत आलं, "माझी बायको लाखात देखणी आहे!"

चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच. तिच्या हातातली बशी सुटता सुटता राहिली.

तो धापा टाकत वर आला. "आलं ऐकू?"

"नुसती भुणभुण हो, शब्द काही कळला नाही. आणखी एक थर लावा आणि पुन्हा ओरडून बघा."

थर चढत गेले, खोलीत जेमतेम एक खुर्ची उरली. गेल्या डिसेंबरात तो वारला, तेव्हा सातवा थर अर्धा झाला होता.